फळबागेसाठी जमीन: नदीकाठची चुनखडीची की माळाकडची मुरमाची?

नीरा-भीमेच्या संगमाच्या आसपास, म्हणजे इंदापूर, माळशिरस, माढा या पट्ट्यात फळबागेसाठी जमीन बघायला निघालात, तर फिरून फिरून दोनच प्रकारची रानं समोर येतात. एक नदीकाठचं: सपाट, काळंभोर, खोल, पाण्याला जवळ आणि दराला चढं. दुसरं कॅनॉलच्या वरच्या अंगाचं माळरान: हात-दीड हात माती, खाली मुरूम, थोडा उतार, पाण्याची सोय स्वतः करायची आणि दर बराच कमी. बघणाऱ्याचं मन पहिल्या रानावर बसतं, आणि त्यात नवल नाही. पण त्या काळ्या रानात चुनखडी असेल, तर इसार देण्याआधी थोडं थांबा, एवढंच सांगायला हे लिहितो आहे.

आमच्या घरी दोन्ही प्रकारची जमीन होती आणि दोन्हीकडे कागदी लिंबू होतं, एकाच रोपवाटिकेतली रोपं. पुढे भावाभावांत वाटणी झाली तेव्हा मला निवड होती. मी माळ घेतला. थोरल्या बंधूंकडे नदीकाठ गेला, आणि ते तिथे ऊस-गहू करून समाधानी आहेत. त्यामुळे एक जमीन चांगली आणि दुसरी वाईट असं मी म्हणणार नाही. प्रश्न फळबागेचा असेल, तर मात्र माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

आधी चुना येतो कुठून, ते बघू. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजतो तेव्हा त्यातून भरपूर कॅल्शियम सुटतं. कोकणात ते पावसाबरोबर वाहून जातं, म्हणून तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी. आपल्या अवर्षण पट्ट्यात वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटर. एवढ्या पाण्यात कॅल्शियम खाली धुऊन जात नाही, जमिनीतच चुना होऊन बसतं. नदीकाठी त्यात भर पडते. पुराचा गाळ वरच्या सगळ्या खोऱ्यातला चुना घेऊन येतो. शिवाय भूजल उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात ओल वर चढते, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. वर्षानुवर्षं हे चाललं की दोन-तीन फुटांखाली पांढरट-पिवळा थर तयार होतो. कुठे त्यात हरभऱ्याएवढे खडे असतात, कुठे नुसती भुकटी. चुना आणि चिकणमाती जवळजवळ निम्मीनिम्मी झाली, तर भूशास्त्रज्ञ तिला मार्ल म्हणतात. आपल्या नद्यांच्या काठी सगळीकडे गोष्ट तिथवर जात नाही, पण दिशा तीच असते.

खडे आणि भुकटी यांत फरक करायला शिका. कडक खड्यांचा त्रास त्या मानाने कमी, कारण त्यांचा पृष्ठभाग थोडा. मातीत मिसळलेला बारीक चुना मुळांच्या आसपासच्या पाण्यात सतत विरघळत राहतो आणि सामू (पीएच) आठच्या वर धरून ठेवतो. प्रयोगशाळेच्या अहवालात बहुधा ‘मुक्त चुना’ असा एकच आकडा येतो, त्यात हा भेद दिसत नाही. तो ढेकूळ हातात फोडून बघावा लागतो.

नदीकाठच्या रानाचं कौतुकही मनापासून करतो. चुन्यामुळे चिकण कणांचे गोळे होतात, म्हणून हे रान नुसत्या चिकण काळ्या रानापेक्षा मशागतीला हलकं जातं, ढेकळं लवकर फुटतात. ओल धरून ठेवतं. शाळू आणि हरभरा तर एखाद्या पाण्यावर, कधी नुसत्या ओलीवर येतात. लसूणघासाला चुना मानवतो. उसाची लागण जोरदार येते. पुरानं गाळ टाकला की पुढच्या वर्षी पिकाचा रंगच वेगळा असतो. आमच्या लिंबाचीही सुरुवातीची वाढ नदीकाठीच जास्त होती, माळावरची झाडं त्यांच्यापुढे खुरटी वाटायची.

मग आला केवडा.

उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, हे पिवळेपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लिंबात त्याची सुरुवात अशी: जुनी पानं हिरवीगार, शेंड्याची नवी पानं मात्र पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. पुढे शिराही फिकट होतात, पान कागदासारखं पांढरं पडतं, कडा करपतात, शेंडा वाळतो. ही लोहाची कमतरता. पण जमिनीत लोह कमी नसतं. बेसाल्टच्या मातीत लोह मुबलक आहे. चुन्यामुळे सामू चढलेला असतो, त्या सामूला लोह विरघळतच नाही, आणि मूळ फक्त विरघळलेलं घेतं. पावसाची झड लागली की आणखी बिघडतं. मातीत हवा कमी पडते, मुळांचा आणि जीवाणूंचा कर्बवायू कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढतं आणि लोह घेण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. म्हणून हा त्रास पाऊसकाळात उफाळतो आणि उन्हाळ्यात दबतो.

यावर उपाय आहेत, आणि ते लागूही पडतात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम, त्यात थोडं सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस, आणि फवारणी. आठवडाभरात पान हिरवं होतं. पण जे पान फवाऱ्याखाली आलं तेच. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहसा जात नाही. पुढची पालवी पुन्हा पिवळीच फुटते, पुन्हा पंप पाठीवर घ्यायचा. एवढ्यावरही मी नदीकाठ सोडला नसता. औषध लागणं हे काही कुठल्या बागेला चुकलेलं नाही.

मला जे सोसलं नाही ते वेगळंच. केवडा झडीच्या पावसात येतो, आणि झडीच्या पावसात नदीकाठच्या त्या खोल रानात पाऊल घालता येत नाही. वाफसा यायला, म्हणजे माती पाऊल घालण्याजोगी सुकायला, आठ-दहा दिवस लागतात, मध्ये सर आली तर आणखी. ट्रॅक्टर सोडाच, पाठीवर पंप घेतलेला गडी नडगीपर्यंत रुततो, आणि तुडवलेल्या जागी माती दबून मुळांची हवा आणखी कोंडते. ज्या आठवड्यात फवारणी हवी, नेमक्या त्याच आठवड्यात बांधावर उभं राहून पिवळं होत चाललेलं रान नुसतं बघायचं. वाफसा येईपर्यंत पालवी हातची गेलेली, आणि त्या पालवीवर पुढचा बहार अवलंबून असतो. माळावर पाऊस उघडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी झाडाजवळ जातो. केवडा तिथेही क्वचित एखाद्या झाडाला दिसतो, पण त्याच दिवशी त्याच्याकडे बघता येतं. माझी निवड या एका गोष्टीनं झाली. तुमची सहनशक्ती माझ्यापेक्षा जास्त असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

जमिनीतूनच बंदोबस्त का करू नये, असं विचाराल. चुना संपवून टाकण्याची कल्पना मनातून काढा. एका एकरातली वरची अर्धा फूट माती साधारण ९०० टन भरते. म्हणजे एक टक्का चुना झाला ९ टन आणि दहा टक्के झाला ९० टन. एक टन चुना मारायला सुमारे ३२० किलो गंधक लागतं. हिशेब करा: एकरी जवळपास २९ टन गंधक, तेही फक्त वरच्या अर्ध्या फुटासाठी. त्यामुळे गंधक वापरायचं ते सगळ्या रानासाठी नव्हे, आळ्यापुरतं, शेणखताबरोबर, मुळाभोवतीची वीतभर जागा थोडी आंबट ठेवण्यासाठी. जिप्समचा सल्ला बरेच जण देतात. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे, जिथे दुखणं सोडियमचं असतं. नुसत्या चुनखडीवर ते टाकून काही साधत नाही.

हिराकस जमिनीत द्यायचंच असेल तर एकाला दहा या प्रमाणात कुजलेल्या शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून द्या. कोरडं फेकलं तर चुना ते बघता बघता अडकवून टाकतो. चिलेटेड, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेल्या, लोहातही बघून घ्या: ईडीटीए प्रकारचं लोह आपल्या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. ते महाग आहे, पण ड्रिपमधून देता येतं आणि चिखलात उतरावं लागत नाही. नदीकाठ घेणाऱ्यानं हा खर्च दरवर्षीचा धरूनच जमिनीचा दर तोलावा. स्फुरदाचीही (फॉस्फरस) हीच कथा, सुपर फॉस्फेट टाकलं की चुना त्याला जखडतो. युरिया वर फेकून दिला तर अमोनिया होऊन उडतो, तो मातीआड केलेला बरा. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट असल्यानं ड्रिपरची तोंडं पांढऱ्या खपल्यांनी बुजतात, अधूनमधून आम्ल सोडावं लागतं.

आता माळाची बाजू. पाणी हा तिथला खरा प्रश्न. शेततळं किंवा नदीवरून पाइपलाइन, दोन्हींना पैसा लागतो, आणि स्वस्तात घेतलेल्या जमिनीतली बरीचशी बचत त्यात जाते. माती उथळ, म्हणून उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की झाड लगेच माना टाकतं. खत थोडं थोडं, वारंवार द्यावं लागतं. खड्डे खणायला पोकलेन बोलवावा लागतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं शेजारच्या नदीकाठच्या बागेकडे बघून वाईट वाटतं. मला वाटलं होतं. तेवढा काळ गेला की झाडं आपली चाल पकडतात. डाळिंब लावायचं असेल तर निचऱ्याचं हलकं रान त्याला मुळातच मानवतं. सोलापूर, सांगोला, आटपाडीकडच्या बागा बघून या म्हणजे पटेल.

माळ म्हणजे चुना नाहीच, असंही समजू नका. मुरमाच्या फटींत पांढरे पापुद्रे असतात, काही ठिकाणी चांगले जाड. फरक इतकाच की तिथे पाणी थांबत नाही, आणि पाणी थांबलं नाही की चुन्याचा निम्मा जोर कमी होतो.

नदीकाठ हातात आहेच आणि बागच करायची आहे, तर पीक बदला, जमिनीशी भांडू नका. अंजिराला चुनखडी चालते, पुरंदरकडे कऱ्हेच्या खोऱ्यात ते दिसतं. बोर, आवळा, चिंच सोसतात. लिंबूवर्गात खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात ते झाड, महत्त्वाचा, रंगपूर लाइम चुना बराच सहन करतो. द्राक्षवाल्यांना तर हे सांगायलाच नको. फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीनं फ्रान्समधल्या द्राक्षबागा बसल्या तेव्हा अमेरिकन खुंट आणले गेले, पण ते चुनखडीच्या रानात पिवळे पडू लागले. मग चुना सोसणारी वेल शोधायला फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हियाला १८८७ मध्ये अमेरिकेत गेले आणि टेक्ससच्या चुनखडीच्या टेकड्यांवरच्या बर्लांडिएरी जातीपाशी तो शोध पोचला. त्या रक्ताचे खुंट आज जगभर आहेत. अख्ख्या देशाला चुना हटवता आला नाही, त्यांनी मूळ बदललं, हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

पुराचं थोडक्यात. नदीकाठच्या पूररेषांच्या नकाशावर निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. घर, गोठा, मोटारीची खोली कुठे येते ते या रेषांवर तपासा. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारच्या बांधावरचा कुणीही दाखवेल. ऊस पाण्यातून पुष्कळदा उठतो. लिंबाची, डाळिंबाची मुळं पाण्यात राहिली तर बहुतेक वेळा कुजतात.

जमीन बघायला जाल ते भर पावसाळ्यात जा, श्रावण-भाद्रपदात. हिवाळ्यात नदीकाठचं प्रत्येक रान देखणं दिसतं. शेजाऱ्याच्या उसाचा खोडवा आणि भुईमूग बघा, ते पिवळे असतील तर अहवाल येण्याआधीच उत्तर मिळालं. नदीची किंवा ओढ्याची तुटलेली दरड शोधा, तिच्यात पांढरा थर कितव्या फुटावर लागतो ते उघडं दिसतं. मग तीन फुटांचा खड्डा घ्या आणि दर फुटाचा नमुना वेगळा काढा. सगळं एकत्र कालवून दिलेला नमुना फळझाडासाठी उपयोगाचा नाही, कारण वरच्या फुटात ३ टक्के आणि तिसऱ्यात १५ टक्के चुना असू शकतो, आणि झाडाचं मूळ तिसऱ्यातच जायचं असतं. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका, किती फसफसतं ते बघा. मुक्त चुना ५ टक्क्यांच्या आत असेल तर नदीकाठ बिनधास्त घ्या. ५ ते १० मध्ये पीक आणि खुंट बघून ठरवा. तिन्ही फुटांत १० च्या वर असेल आणि डोक्यात लिंबू, संत्रं किंवा डाळिंब असेल, तर मी त्या पैशात माळ घेईन, उरलेल्यात शेततळं करीन, आणि विकणारे घाई करत असले तरी एक पावसाळा जाऊ द्या म्हणेन.