मेल बंद पडला आणि खात्यातून साडेसत्त्याहत्तर हजार गेले

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या दोन अडत दुकानांचे हिशेब मी निवृत्तीनंतरही पाहतो. पूर्वी हिशोबपट्ट्यांचे गठ्ठे पिशवीत घालून विश्रामबागेतील घरी आणावे लागत. अलीकडे त्या मेलवर येतात आणि मी त्या टॅबलेटवर उघडून वहीशी ताडून घेतो. गेल्या फेब्रुवारीत, ऐन नव्या हळदीच्या हंगामात, १७ तारखेच्या रात्री टॅबलेटने अपडेट मागितला, तो मी दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलच्या ॲपमध्ये ‘पासवर्ड चुकीचा आहे’ अशी सूचना दिसू लागली. पासवर्ड बरोबर होता. तो मी चार वेळा, एकेक अक्षर उच्चारून भरला. जीएसटीचे ३ब विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे होते, म्हणजे हातात दोनच दिवस होते, आणि पुढे जे घडले त्याला ही घाई माझ्या अज्ञानाइतकीच कारणीभूत आहे.

मेलसेवेचा मदत क्रमांक मी इंटरनेटवर शोधला आणि सर्वांत वर दिसलेल्या क्रमांकावर फोन केला. मोफत मेलसेवा देणाऱ्या कंपन्या सहसा फोनवर माणूस देतच नाहीत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. उलट पहिल्याच घंटेला फोन उचलला गेल्याचे मला कौतुक वाटले. बोलणारा तरुण मराठीत हिंदी मिसळून, अत्यंत अदबीने बोलत होता. त्याने प्रथम ब्राउझर उघडायला सांगितले, तेथे मेलसेवेच्या पानावर तोच पासवर्ड भरायला लावला, आणि माझे सर्व मेल समोर आले. “बघा सर, तुमचा डेटा मी परत आणला,” असे तो म्हणाला, आणि माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला तो याच क्षणी.

वास्तविक त्याने काहीही परत आणले नव्हते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालील कोठारात, हळद असावी आणि व्यापाऱ्याकडे केवळ तिची पावती असावी, तसेच मेलचे असते: बहुतेक खाती आज आयमॅप पद्धतीने चालतात, त्यामुळे मूळ पत्रे कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि टॅबलेटवर दिसतात त्या त्यांच्या प्रती. पावती हरवली म्हणून पेवातील माल जात नाही. ॲप बिघडले तरी ब्राउझरमधून मेल दिसतात, ही साधी गोष्ट मला आधी माहीत असती, तर त्या तरुणाची जादू तेथेच उघडी पडली असती.

यानंतर ‘ॲपचा दोष काढण्यासाठी’ म्हणून त्याने माझ्या टॅबलेटचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एक ॲप घ्यायला लावले आणि त्यावर उमटलेला आकडा विचारून घेतला. मग दहा रुपये नोंदणी शुल्काचा अर्ज पाठवला, ज्यात मी डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागील तीन अंक स्वहस्ते भरले. पडदा मध्येच बंद होऊ नये म्हणून त्याने सेटिंगमधील वेळ वाढवून घेतली आणि ‘सर्व्हर जोडला जात आहे, पाच मिनिटे टॅब पालथा ठेवा, हात लावू नका’ असे सांगितले. मी तो टेबलावर पालथा ठेवला. त्या वेळात तो दोनदा वाजला. मला वाटले, अडकलेले मेल येऊ लागले.

ओटीपी कोणालाही सांगू नये, हे मी कित्येकांना बजावले आहे आणि त्या दिवशीही मी तो कोणालाही सांगितला नाही. परंतु बँकेकडे नोंदवलेले सिमकार्ड त्याच टॅबलेटमध्ये होते, त्यामुळे पडद्यावर उमटलेले दोन्ही ओटीपी त्याने माझ्या आधी वाचले. पहिल्या वेळी ४९,५०० आणि दुसऱ्या वेळी २८,००० रुपये गेले.

टॅबलेट उलटून संदेश पाहिल्यावर काही काळ मला काही सुचेना. पुतण्याला फोन लावला, तेव्हा तो म्हणाला, “काका, आधी टॅबचं इंटरनेट बंद करा, मग बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० ला फोन लावा.” १९३० हा आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा राष्ट्रीय क्रमांक आहे, तेथे नोंद झाली की पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्यापूर्वी गोठवण्याचा प्रयत्न होतो. माझ्या प्रकरणात २८,००० गोठले, ४९,५०० निसटले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून त्रयस्थ ठिकाणचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याला तोटा सोसावा लागत नाही. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवण्यापूर्वीचा तोटा त्याचाच. कार्डाचे तपशील मीच भरले असल्याने बँकेने मला दुसऱ्या वर्गात टाकले, आणि मनाला कितीही लागले तरी त्यात बँकेची चूक दाखवता येत नाही.

राहिला मेलचा मूळ बिघाड. तो पुतण्याने संध्याकाळी येऊन दहा मिनिटांत दूर केला. केवळ पासवर्डावर इतर ॲपना मेल देणे मोठ्या कंपन्यांनी बंद केले आहे. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ते ३० मे २०२२ पासून बंद करण्यास सुरुवात केली. माझ्या ॲपमध्ये खाते अनेक वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने जोडलेले होते आणि अपडेटने ती जुनी जोडणी तोडली. सर्व पत्रे ब्राउझरमध्ये दिसतात याची खात्री करून (जुन्या पॉप पद्धतीच्या खात्यात काही पत्रे केवळ टॅबलेटवरच असू शकतात, म्हणून ही खात्री आधी करावी) त्याने ॲपमधील खाते काढले आणि मेलसेवेचे नाव निवडून पुन्हा जोडले. या वेळी पासवर्ड ॲपने न मागता मेलसेवेच्याच पानाने मागितला. टॅबलेटमधील सर्व काही काढून टाकून तो नव्यासारखा करून घ्यावा, हा त्याचा सल्लाही मी मानला, कारण पडदा दाखवणाऱ्या ॲपबरोबर आणखी काय आत आले हे सांगणे कठीण होते. त्याआधी मेलचा व बँकेचा पासवर्ड त्याच्या मोबाइलवरून बदलला.

खाते जोडले जाताच थांबलेले मेल एकामागून एक येऊ लागले. त्यांत यार्डातील हिशोबपट्ट्या होत्या, आणि त्यांच्या वर बँकेची दोन पत्रे होती: दुपारी ४ वाजून १२ मिनिटे आणि ४ वाजून १५ मिनिटे. त्या दोन्हींच्या छापील प्रती मी पोलिसांकडील तक्रारीला जोडल्या आहेत.