नाशिकमध्ये रोजच्या सायकलसाठी पंक्चरला दाद न देणारा टायर: कोणता, कुणी आणि का घ्यावा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सातपूर औद्योगिक वसाहतीतून परतताना माझ्या मागच्या चाकाची हवा गेली. ट्यूब पाण्यात धरल्यावर सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुडे येत होते, पण टायरच्या आतून बोट फिरवून काहीच लागेना. शेवटी टायर उलटा करून कापसाचा बोळा हळूहळू आतून फिरवला, तेव्हा एका जागी त्याचे तंतू अडकले. तिथून चिमट्याने जी तार निघाली ती केसाहून जरा जाड आणि जेमतेम पाच मिलिमीटर लांब होती. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्याच्या आतल्या पोलादी पट्ट्याच्या अशा तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि सायकल नेमकी त्याच कडेने जाते.

टायरची तुलना करण्याआधी आपल्या रस्त्यावर नेमके काय टोचते हे पाहिले पाहिजे, कारण प्रत्येक टायर प्रत्येक गोष्टीला सारख्याच ताकदीने अडवत नाही. द्वारका, मुंबई नाका आणि महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर या तारा असतात. सातपूर आणि अंबडमध्ये त्यांच्या जोडीला लेथवरून निघालेली लोखंडाची वळवळीत कात्रणे असतात. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे किंवा त्र्यंबक रोडने शहराबाहेर पडले की बाभळीचे काटे येतात. नव्या वसाहतींच्या मोकळ्या भूखंडांलगत पावसाळा संपला की सराटे वाळून रस्त्यावर पसरतात. सराट्याच्या फळाची ठेवणच अशी असते की ते कसेही पडले तरी एखादा काटा वर राहतोच. फुटलेली काच सगळीकडेच आढळते, आणि पावसात ती जास्त त्रास देते, कारण ओल्या रबरात धारदार कडा सहज शिरते. या सर्वांपासून वेगळे असे एक पंक्चर कमी हवेमुळे होते: खड्ड्याच्या कडेवर चाक आदळते, ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. त्यावर कोणताही महागडा टायर हा उपाय नाही.

आता मुख्य निवड. पंक्चररोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्ये दोन अगदी भिन्न तत्त्वे वापरलेली असतात. एका प्रकारात नक्षीच्या खाली लवचीक रबराचा जाड थर असतो; दुसऱ्यात केव्हलारसारख्या चिवट धाग्याचे पातळ विणलेले कापड असते. दुकानात दोन्हींवर ‘पंक्चर प्रोटेक्शन’ असेच छापलेले असल्याने ग्राहक फसतो, असे मला अनेकदा दिसले आहे. विणलेले कापड काचेला चांगले अडवते, कारण काच हा धागा सहजासहजी कापू शकत नाही. मात्र बारीक तार किंवा काट्याचे टोक दोन धाग्यांच्या मधून सरकून आत जाऊ शकते. जाड थराचे काम वेगळ्या रीतीने चालते. काटा रबरात घुसतो, तिथेच रुतून बसतो, पण त्याचे टोक ट्यूबपर्यंत पोहोचत नाही, कारण मधले अंतरच जास्त असते. तारा आणि सराटे हेच मुख्य शत्रू असलेल्या शहरात म्हणूनच मी जाड थराच्या बाजूने आहे.

या गटातील सर्वांत परिचित नाव म्हणजे जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस. त्यात नक्षीखाली 5 मिलिमीटर जाडीचा रबरी थर आहे, आणि माझ्या तारेची लांबी लक्षात घेतली तर नक्षीची जाडी मिळून ती ट्यूबपर्यंत पोहोचणे कठीण होते. याच कंपनीच्या साध्या मॅरेथॉनमध्ये हा थर 3 मिलिमीटरचा आहे. फरक दोन मिलिमीटरचा, पण तो प्रत्येक पॅडलला जाणवतो. 700 गुणिले 35 मापाचा मॅरेथॉन प्लस सुमारे 900 ग्रॅमचा असतो आणि साधा मॅरेथॉन त्याहून दीडएकशे ग्रॅमने हलका असतो. सिग्नलवर थांबून पुन्हा निघताना जड टायर आळशी वाटतो, एकदा वेग घेतला की तितका नाही. मॅरेथॉन प्लस रिमवर चढवणे हीसुद्धा एक परीक्षा असते. टायरची कड संपूर्ण घेरात रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत गेले, तरच शेवटच्या वीतभर भागाला ढील मिळते. नुसत्या जोराने आणि लिव्हरने ओढल्यास नवी ट्यूब तिथेच चिमटते.

माझा सल्ला असा, की ज्याचा रस्ता कॉलेज रोड, गंगापूर रोडचा शहरातला भाग, पंचवटी, सीबीएस असा आहे त्याने 3 मिलिमीटरच्या वर्गातला टायर घ्यावा आणि हलकेपणाचा लाभ रोज भोगावा. सातपूर-अंबडला रोज जाणारा, किंवा ज्याला पाळीच्या वेळेला उशीर झाला की हजेरीवर परिणाम होतो, त्याने 5 मिलिमीटरचाच घ्यावा. रात्रपाळी संपवून महामार्गाच्या कडेला एकट्याने पंक्चर काढण्यापेक्षा दीडशे ग्रॅम वाहणे सोपे आहे. कॉन्टिनेंटलचा काँटॅक्ट प्लस हाही याच कामासाठी बनवलेला चांगला टायर आहे. त्याच कंपनीचा गेटरस्किन मात्र शर्यतीच्या सायकलींच्या मापात मिळणारा, विणलेल्या कापडाच्या तत्त्वावरचा, सडसडीत आणि वेगवान टायर आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली याचा मलाही अभिमान आहे, परंतु तशा शर्यतीत स्वारामागे मदतीची गाडी आणि माणसे असतात. डबा आणि कागदपत्रांची बॅग घेऊन निघालेल्याच्या मागे तसे कुणी नसते.

परदेशी टायरची किंमत देशी टायरच्या कित्येक पट असते, आणि ती सर्वांना परवडणारी नाही हे मान्य केलेच पाहिजे. राल्सनसारख्या देशी कंपनीचा जाड नक्षीचा टायर, त्यात नेहमीपेक्षा जाड रबराची ट्यूब आणि दोघांच्या मध्ये टायर लायनरची पट्टी, असा जुळवलेला संच मी दोन वर्षे वापरला आहे. तो सराट्यांना व्यवस्थित पुरतो. गावाकडे जुनी ट्यूब उभी चिरून आत अंथरण्याची जी पद्धत आहे तीही याच तत्त्वावर चालते. या पट्टीचा दोष एकच, पण नेमका कळण्याजोगा आहे: तिची टोके एकमेकांवर येतात तिथे कड ट्यूबवर घासत राहते आणि काही महिन्यांनी कोणताही काटा नसताना त्याच जागी ट्यूब झिजून फुटते. टोके कात्रीने गोल कापावीत, कड सँडपेपरने घासून पातळ करावी आणि ट्यूबला टाल्कम पावडर लावावी. माझा हा त्रास यानंतर थांबला. वजनाच्या दृष्टीने हा संच जवळपास मॅरेथॉन प्लसइतकाच भरतो आणि पळायला त्याहून सुस्त वाटतो, पण खिशाला झेपतो.

ट्यूबमध्ये सीलंट भरणे हा स्वस्त पर्याय म्हणून सुचवला जातो. चाक फिरताना द्रव भोकापर्यंत पोहोचतो आणि तिथे घट्ट होऊन ते बुजवतो. बारीक तारेच्या भोकावर हा उपाय खरोखर चालतो. तरीही आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तापमान चाळिशीच्या घरात जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या सायकलच्या ट्यूबमधले सीलंट काही महिन्यांत वाळून गोळा होते. शिवाय मोठे भोक पडल्यास ट्यूब आतून-बाहेरून बरबटते आणि त्यावर ठिगळ नीट चिकटत नाही, त्यामुळे पंक्चरवालाही नाखूष असतो. जाड थराच्या टायरला जोड म्हणून ते ठीक आहे. त्याची जागा घेणारे म्हणून नाही.

हवाच नसलेले भरीव टायर भाड्याच्या सायकलींच्या योजनांत वापरले गेले आहेत आणि तिथे ते योग्यही आहेत, कारण तिथे सायकलची देखभाल रोज कुणी करत नाही. रोज स्वतःची सायकल चालवणाऱ्यासाठी मी त्यांची शिफारस करत नाही. खड्ड्याचा प्रत्येक धक्का मनगटाला, कमरेला आणि स्पोकना बसतो.

खरेदीला जाताना सायकलचे नाव सांगून टायर मागू नये. जुन्या टायरच्या बाजूवर 37-622 असा आकडा कोरलेला असतो, तो लिहून न्यावा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 622 म्हणजे हल्लीच्या हायब्रिड सायकलींचे 700 सी माप. घरातील जुन्या काळ्या 28 इंची सायकलचे माप 635 असते, आणि नावात दोन्हीकडे 28 असले तरी हे टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. 26 इंची गिअरच्या सायकलचे माप बहुधा 559 असते. फ्रेममध्ये जागा असेल तर जुन्यापेक्षा थोडा रुंद टायर घ्यावा. त्यात हवा जास्त मावत असल्याने तुलनेने कमी दाबानेही भागते आणि खड्ड्यातले चेपण्याचे पंक्चर सहसा टळते.

एकाच टायरचे पैसे असतील तर तो मागे बसवावा. बहुतेक भार मागच्या चाकावर असतो आणि पुढच्या चाकाने उभा केलेला खिळा मागचे चाक उचलते. माझा इंदिरानगरहून सातपूरचा रोजचा फेरा साधारण 18 किलोमीटरचा, म्हणजे महिन्याला 450 किलोमीटरच्या आसपास होतो, आणि एवढ्या वापरात मागचा टायर पुढच्यापेक्षा स्पष्टपणे आधी झिजतो. हवा दर आठवड्याला पंपाच्या मीटरवर बघावी. बोटाने दाबून येणारा अंदाज जाड टायरच्या बाबतीत हमखास चुकतो, कारण तो कमी हवेतही कडक लागतो. दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते.

नवा टायर बसवताना रिमच्या आतली टेपही बदलावी. जुनी टेप सरकलेली असते, तिच्याखालून स्पोकच्या टोकाची धार वर येते आणि ट्यूबला आतल्या बाजूने भोक पाडते. असे भोक ट्यूबच्या रिमकडील अंगाला असते, आणि 5 मिलिमीटरचा थर त्याच्या विरुद्ध बाजूला असतो.