पिशवी बदलते, व्हॉल्व्ह तोच: सुट्या एकमार्गी व्हॉल्व्हचा आठ महिन्यांचा अनुभव

पिशवीतली हवा काढून तोंड बंद करणाऱ्या यंत्रासाठी ज्या खास पिशव्या घ्याव्या लागतात, त्या प्रत्येक वेळी उघडताना कापाव्या लागत असल्यामुळे आखूड होत जातात आणि दोन-तीन वापरांत संपतात. ज्या झिपच्या पिशव्यांना व्हॉल्व्ह कारखान्यातूनच चिकटवून येतो, त्यांचे प्लास्टिक घडीवर चिरले की धडधाकट व्हॉल्व्हही पिशवीबरोबर कचऱ्यात जातो. या दोन्हींचा कंटाळा आल्यामुळे मी सुटा एकमार्गी व्हॉल्व्ह घेतला, जो साध्या झिपच्या पिशवीला भोक पाडून बसवता येतो आणि ती पिशवी फाटल्यावर काढून दुसरीला लावता येतो. चार व्हॉल्व्ह, भोक पाडायचा एक गोल पंच आणि हाताने ओढायचा छोटा पंप एवढेच त्या खोक्यात होते, आणि गेले आठ महिने ते सगळे जवळजवळ रोज वापरात आहे.

रचना समजून घेतली तर पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ आपोआप कळते. पिशवीच्या आतल्या बाजूला जाळीदार तळ असलेली चकती राहते, तिची आटे पाडलेली मान भोकातून बाहेर येते, तिच्यावर बाहेरून कडी आवळली की मधला रबरी वायसर प्लास्टिकला घट्ट धरून ठेवतो, आणि मानेच्या तोंडावर बोटाच्या नखाएवढी सिलिकॉनची पातळ झडप बसलेली असते. ही झडप छत्रीसारखी आहे. तिचा देठ मधल्या छिद्रातून ओढून अडकवलेला असतो आणि कड मात्र सुटी असते. पंपाने ओढले की वरचा दाब कमी होऊन कड उचलली जाते व आतली हवा निघते. ओढणे थांबले की बाहेरची हवाच तिला बैठकीवर दाबून धरते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, इथे दिशा तेवढी उलटी.

यात स्प्रिंग नाही, ही बाब माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. झडप बंद ठेवण्याचे काम फक्त आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक करतो, त्यामुळे फरक जितका मोठा तितकी झडप घट्ट आणि फरक थोडा असेल तर ती नुसती टेकलेली. आता हा फरक किती राहील हे बरेचसे पिशवीत काय भरले आहे यावर ठरते. कडधान्ये, तांदूळ, कॉफीच्या बिया किंवा बदाम भरून हवा काढली की समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो इतका असलेला बाहेरचा दाब दाण्यांवर येतो, दाणे एकमेकांत अडकून तो पेलतात, पिशवी विटेसारखी कडक होते आणि दाण्यांमधल्या फटींत खरोखरच विरळ हवा उरते. याउलट मळलेली कणीक, रस्सा किंवा मऊ शिजवलेली भाजी भरली, तर पिशवी पदार्थाला चिकटते हे खरे, पण पदार्थ स्वतःच दबत गेल्यामुळे आतला दाब बाहेरच्याइतकाच राहतो आणि झडपेला दाबून धरायला काही उरत नाही. पिशवी आडवी पडली की रस्सा झडपेखाली येतो आणि जरा हात लागला तरी बाहेर पाझरतो. म्हणून पातळ पदार्थांसाठी मी हा व्हॉल्व्ह वापरणे सोडून दिले आहे. त्यांच्यासाठी साधी झिपची पिशवी तोंड उघडे ठेवून पाण्याने भरलेल्या पातेल्यात हळूहळू बुडवावी. पाण्याचा दाब हवा वर ढकलतो आणि काठाशी आल्यावर झिप लावून टाकता येते.

पहिल्या महिन्यात मात्र मी व्हॉल्व्हला उगाचच दोष देत होतो. रात्री दगडासारखी केलेली हरभऱ्यांची पिशवी सकाळी सैल झालेली दिसायची. पिशवी हवेने फुगवून पाण्यात दाबली तर बुडबुडे झिपच्या कोपऱ्यातून आणि व्हॉल्व्हमधून असे दोन्हीकडून येत. त्यातल्या व्हॉल्व्हच्या बुडबुड्यांना काहीच अर्थ नाही, हे ध्यानात यायला मला फार वेळ लागला, कारण आतली हवा बाहेर सोडणे हे तर त्याचे कामच आहे. व्हॉल्व्ह तपासायचा असेल तर तो पिशवीतून काढून, धुऊन, त्याच्या खालच्या बाजूला ओठ लावून हवा ओढून पाहावी. झडप ठीक असेल तर तोंडात काहीही येत नाही. माझे चारही व्हॉल्व्ह या परीक्षेत उतरले आणि गुन्हेगार ठरली ती झिप. तिचा सरकणारा चाप ज्या टोकाला थांबतो, तिथे केसाएवढी फट राहते. आता मी झिप दोनदा बोटाने दाबत नेतो, कोपरा मुद्दाम पुन्हा दाबतो आणि मगच पंप हातात घेतो. दुहेरी झिपच्या जाड पिशव्या घेतल्यापासून तीच कडधान्ये तीन-तीन आठवडे कडक राहिली आहेत.

झडपेची खरी वैरीण म्हणजे पूड. पीठ, दळलेली कॉफी, साखरेची भुकटी यांपैकी काहीही भरून जोरात पंप मारला की हवेबरोबर कण वर येतात आणि बैठकीवर बसतात. भिंगाखाली पाहिले तेव्हा झडपेच्या कडेखाली पिठाचा एकच कण होता आणि त्याच्याभोवती सिलिकॉन तंबूसारखे उचलले गेले होते. त्या तंबूतून हवा आत जायला अख्खी रात्र पुरते. व्हॉल्व्हच्या आतल्या जाळीवर कागदी रुमालाचा तुकडा ठेवला आणि पहिले दहा-बारा हात सावकाश मारले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. झडप कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी, देठ नखाने ओढू नये, आणि ती पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नये, कारण कडेखाली अडकलेल्या ओलाव्यावर काळे ठिपके धरतात. सिलिकॉन वासही धरून ठेवते. एक व्हॉल्व्ह मी आता फक्त मसाल्यांसाठी ठेवला आहे, कारण तो कितीही धुतला तरी बदामांना लवंगेचा वास लावतो.

भोक पाडायला खोक्यातला पंचच वापरावा. कात्रीने पाडलेल्या भोकाला कुठेतरी बारीक चीर राहते आणि कडी आवळताना ती चीर वायसरच्या बाहेर पळते. भोकाची जागा झिपपासून चार बोटे खाली आणि पिशवीच्या सपाट भागावर असावी, घडीवर नको.

पंपाविषयी फार काही सांगण्यासारखे नाही. मध्यम आकाराच्या पिशवीला तीस-चाळीस हात लागतात, शेवटचे दहा जड जातात आणि मनगट दुखते. यंत्राइतकी हवा तो काढू शकत नाही, पण त्याचा आवाज होत नाही आणि त्याला वीज लागत नाही.

फ्रीजरमध्ये मात्र हा व्हॉल्व्ह मला मनापासून आवडला. गोठवलेल्या पदार्थावर जे पांढुरके, कोरडे डाग पडतात, ते पृष्ठभागावरचा बर्फ न वितळता थेट वाफ होऊन पिशवीतल्या मोकळ्या जागेत हिमाच्या रूपाने जमल्यामुळे पडतात; प्लास्टिक पदार्थाला चिकटून बसले की त्या वाफेला जायला जागाच राहत नाही. उणे १८ अंश सेल्सिअसलाही सिलिकॉन लवचिक राहते, त्यामुळे झडप ताठरून उघडी पडण्याची भीती नाही. वाटाण्यांची एक पिशवी पाच महिन्यांनी उघडली तेव्हा तिच्यात हिमाचा कण नव्हता. कोबी, फुलकोबी यांसारख्या भाज्या कच्च्या भरू नयेत. त्या वायू सोडतात आणि पिशवी सैल पडते. उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटे धरून, गार करून, कोरड्या करून मग भराव्यात. ताज्या भाजलेल्या कॉफीच्या बियाही कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, पण तिथे हा व्हॉल्व्ह उलट उपयोगी पडतो, कारण दाब वाढला की तो स्वतःच वायू बाहेर जाऊ देतो. कॉफीच्या पाकिटांवर जे छोटे भोक दिसते त्यामागेही हीच युक्ती असते.

माहितीपत्रकातल्या एका वाक्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ‘शिजवलेले अन्न बाहेरही जास्त काळ ताजे’ असे त्यात छापले आहे आणि ते धोक्याचे आहे. हवा काढल्याने बुरशी आणि तेलाचा खवटपणा यांना आळा बसतो, कारण दोन्हींना हवेतला ऑक्सिजन लागतो. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू नेमका ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणीच वाढतो, प्राणघातक विष तयार करतो, आणि त्या अन्नाचा वास किंवा रंग बदललेला असेलच असे नाही. ओलसर शिजवलेले अन्न, सोललेला लसूण, कच्ची अळिंबी हे असे हवाबंद करून बाहेर ठेवणे म्हणजे त्याला आमंत्रण देणे आहे. असे अन्न हवा काढलेले असले तरी ४ अंशांच्या खाली आणि नेहमीच्याच मुदतीत संपवावे, आणि गोठवलेली मासळी फ्रीजमध्ये वितळवताना पिशवी आधी उघडावी. कोरडे धान्य आणि सुका मेवा यांच्या बाबतीत ही भीती नाही, आणि हा व्हॉल्व्ह तिथेच सर्वांत चांगले काम करतो.

आठ महिन्यांत सहा पिशव्या गेल्या आणि चारपैकी तीन व्हॉल्व्ह पहिल्यासारखे आहेत. चौथ्याची झडप धुताना देठापाशी फाटली. सुट्या झडपा मिळतील का म्हणून विक्रेत्याकडे दोनदा विचारणा केली, तेव्हा उत्तर आले की पूर्ण संचच घ्यावा लागेल. वारंवार वापरण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूतला सर्वांत नाजूक, सर्वांत स्वस्त तुकडा वेगळा मिळू नये, याचा मला अजून राग आहे. त्या चौथ्या व्हॉल्व्हचा वायसर मी काढून ठेवला आहे, आणि त्याची कडी मसाल्यांच्या व्हॉल्व्हला लावली आहे, कारण मसाल्यांच्या व्हॉल्व्हच्या मूळ कडीचे आटे ती घाईत वाकडी आवळल्यामुळे गेले होते.