आत्याचा वजनकाटा: सात महिन्यांच्या वापरानंतर

हृदयाच्या कमजोरीसाठी ॲडमिट असलेली आत्या हॉस्पिटलमधून घरी आली त्याला सात महिने झाले. तिच्यासाठी तेव्हा आम्ही चार वस्तू घेतल्या होत्या: डिजिटल वजनकाटा, दंडाला बांधायचं बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि हातातलं स्मार्ट घड्याळ. घेताना माझा सगळा भरवसा घड्याळावर होता. वजनकाटा घेतला तो केवळ डिस्चार्जच्या कागदावर ‘वजनावर लक्ष ठेवावे’ अशी एक ओळ होती म्हणून. आज या चारांतली एकच वस्तू ठेवायची झाली तर मी वजनकाटा ठेवीन. असं का, ते जरा सविस्तर लिहिते. वजन घरी नेमकं कसं करायचं हे मला तेव्हाच कोणी समजावलं असतं तर आमचे सुरुवातीचे पाच-सहा आठवडे चाचपडण्यात गेले नसते.

आत्या ७४ वर्षांची आहे, मधुमेह वीस वर्षांचा. एका रात्री दोन वाजता ती उठून बसली आणि आडवं झालं की जीव गुदमरतोय म्हणाली. छातीत दुखत नव्हतं, त्यामुळे हे हृदयाचं असेल असं मनातही आलं नाही. पण हृदय कमजोर झाल्यानेच फुप्फुसांत पाणी भरलं होतं. नंतर एकेक गोष्ट आठवत गेली. दोन महिन्यांपासून तिला एका उशीवर झोप येत नव्हती. आधी दोन उशा, मग तीन. संध्याकाळी चपला घट्ट व्हायच्या. चपलेचा पट्टा लावायला वाकली तरी धाप लागायची. वयोमानाने होतंय म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. ती तिसरी उशी कपाटातून मीच काढून दिली होती, हे मला अजून सलतं.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के निघालं. आकडा ऐकून पायांखालची जमीन सरकली. शंभरातलं सत्तर टक्के काम बंद पडलं असंच मी धरून चालले होते. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं की निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. म्हणजे तुलना शंभराशी नाही, साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची. पूर्वी कधीतरी झटका येऊन गेला असावा, असंही ते म्हणाले. जुन्या मधुमेहात नसांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे काहींना झटक्याच्या वेळी दुखतच नाही.

आत्या आठ दिवस ॲडमिट होती. शिरेतून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, चालू होतं. प्यायलेलं पाणी मोजायचं, लघवीच्या पिशवीतलं मोजायचं आणि पलंगाच्या पायथ्याला लावलेल्या तक्त्यात लिहायचं. आणि रोज सकाळी सहाला सिस्टर यायच्या: “आजी, चला, काट्यावर.” पहिल्या दिवशी ६८.४, आठव्या दिवशी ६३.१. पाच किलोंहून जास्त गेलं, आणि ते सगळं पाणी. चौथ्या दिवशी तिच्या घोट्यावर मी बोट दाबून पाहिलं. आधी दाबलं की पडणारा खळगा भरायला वेळ लागायचा. त्या दिवशी खळगा पडलाच नाही.

डिस्चार्जचा दिवस घाईत गेला. गोळ्यांची यादी, पुढची तारीख, सह्या. वजनाचं कोणी बोललं नाही. निघता निघता त्याच सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, ६३.१ हा आकडा लिहून ठेवा. हे यांचं कोरडं वजन, अंगात जादा पाणी नसतानाचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट बघू नका, फोन करा.” पुढच्या ओपीडीत डॉक्टरांनीही हाच आकडा कायम केला. एका रात्रीत किलोभर वाढलं तरी कळवा, एवढी त्यात भर घातली.

आता काट्याविषयी. पहिला आठवडा मी रडकुंडीला आले होते. एकदा ६२.१, दहा मिनिटांनी ६३.९. काटा बिघडलेला आहे असं समजून परत करायला निघाले होते. पण तो मी आत्याच्या पलंगाशेजारी गालिच्यावर ठेवत होते. या काट्यांच्या चारही पायांत वजन ओळखणारे सेन्सर असतात. खाली मऊ असलं की पाय रुततात आणि आकडा भलताच येतो. सपाट, कडक फरशीवर ठेवला आणि सगळा घोळ मिटला. तेव्हापासून त्याची जागा ठरलेली आहे. चारही पायांशी खडूच्या खुणा केल्यात.

दुसरी अडचण तोलाची. आत्याला उभं राहताना आधार लागायचा, ती भिंतीला हात टेकायची आणि वजन दीड किलोने कमी दिसायचं. आता समोर जड खुर्ची ठेवतो. चढताना खुर्चीची पाठ धरायची, उभी राहिली की हात सोडून तीन आकडे मोजायचे, मग उतरताना पुन्हा धरायची. काटा घेताना मी रंग आणि काच पाहिली होती. पाहायला हवी होती ती पाटाची रुंदी, उंची आणि आकड्याचा आकार. आमचा नशिबाने बुटका आणि रुंद निघाला. आकडे मात्र लहान आहेत, आत्याला चष्मा लावून वाकावं लागतं आणि वाकलं की तोल जातो. म्हणून आकडा दुसऱ्याने वाचायचा.

काही काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. जिथे दोनशे-तीनशे ग्रॅमही बघायचे असतात तिथे हे घातक आहे. ओळखायचं कसं? काट्यावर उभं राहून आकडा बघा. उतरा. लगेच अर्धा पेला पाणी हातात घेऊन पुन्हा चढा. आकडा जराही हलला नाही तर काटा आठवणीतलं सांगतोय. मग एक लिटर पाण्याची भरलेली बाटली घेऊन चढा, बरोबर एक किलो आणि बाटलीचं वजन वाढायला हवं. मी हे आत्यासमोर केलं तेव्हा तिला पहिल्यांदा पटलं. तोवर तिचं एकच पालुपद होतं, “अगं, मी काय तान्हं बाळ आहे का रोज वजन करायला?” बाटली हातात घेऊन तिने जोखून पाहिली आणि म्हणाली, “म्हणजे अशा पाच बाटल्या होत्या माझ्या अंगात?”

चरबी आणि स्नायू मोजणारे काटेही मिळतात. ते पायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात. पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच असतं. आत्याला पेसमेकर नाही, पण पुढे गरज पडलीच तर, म्हणून आम्ही साधाच काटा घेतला.

रीत अशी: सकाळी उठल्यावर लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत. मग वही. मी मोबाइलवर ॲप घेतलं होतं, पण त्यात आत्याला काही दिसायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवताना मलाच शोधाशोध करावी लागायची. वहीत एका पानावर महिना मावतो. वजन, बीपी, नाडी, पायांवर सूज आहे का आणि रात्री किती उशा. उशांचा रकाना आत्यानेच सुचवला.

तिसऱ्या महिन्यात या वहीने आम्हाला वाचवलं. सोमवारी ६३.३, मंगळवारी ६४.०, बुधवारी ६४.७, गुरुवारी ६५.४. आत्या ठणठणीत दिसत होती. दम नाही, बीपी ठीक, ऑक्सिमीटरवर ९७.  मला स्वतःला वाटलं, भूक परत आली म्हणून वाढत असेल. पण तीन दिवसांत दोन किलो, हे वाक्य डोक्यात होतं, म्हणून फोन केला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “दुखण्याची कुठली गोळी चालू केली का?” मी नाही म्हणाले. आत्या मागून हळूच म्हणाली, “गुडघ्याची घेतेय. रविवारपासून.” घरातली जुनी डायक्लोफेनॅक होती. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पाण्याच्या गोळीचा जोरही कमी करतात. कमजोर हृदयाला हे तिन्ही सोसत नाही. गोळी बंद झाली, डॉक्टरांनी पाण्याच्या गोळीचा डोस चार दिवसांपुरता वाढवला, रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घेतलं. पुढच्या मंगळवारी वजन ६३.४. हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही. मी आत्यावर रागावले नाही, कारण ही गोळी चालत नाही हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्या औषधांचा डबा रिकामा केला.

वजन कमी होण्याकडेही बघावं लागतं. पाचव्या महिन्यात जुलाब झाले आणि दोन दिवसांत दीड किलो उतरलं. आत्या बिछान्यातून उठली की डोळ्यांपुढे अंधारी. बसून बीपी ११६, उभं राहिल्यावर दोन मिनिटांत ९२. शरीरात पाणी कमी आणि वरून पाण्याची गोळी चालू. डॉक्टरांनी फोनवर ती आणि आणखी एक गोळी बरं वाटेपर्यंत थांबवायला सांगितली. डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही, तसा कमीही करायचा नाही, हे आम्ही पाळतो.

कोरडं वजनही कायमचं नसतं. सुरुवातीला अशक्तपणात अंगातलं मांस उतरतं, तेव्हा पाणी वाढूनही काट्यावरचा आकडा तोच राहू शकतो. म्हणून सूज आणि उशांचे रकाने हवेत. पुढे खाणं सुधारलं, चालणं सुरू झालं, तेव्हा खरं वजन वाढलं. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून नवा आकडा दिला, ६४.०.

बीपीच्या मशीनवर मी समाधानी आहे, पण पट्टा बदलल्यानंतर. मशीनसोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी होता, आत्याचा दंड भरला ३४. लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त येतं. आमच्याकडे रोज १५५-१६० येत होतं आणि ओपीडीत १३०. मशीन सोबत घेऊन गेले तेव्हा तिथल्या सिस्टरनी पट्टा पाहताच सांगितलं. मोठा पट्टा वेगळा मागवला आणि आकडे जुळले. तोवर काळजीने आत्याची झोप उडाली होती ती उडालीच. मापायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. न बोलणं आत्याला सगळ्यात जड जातं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतो. ठोके अनियमित असतील तर ही मशीनं चुकू शकतात, तशी खूण दिसली तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावं.

ऑक्सिमीटर आता खणात असतो. तो वाईट नाही, पण आमच्या कामाला उशिरा येतो. पाणी साठायला लागलं तरी ऑक्सिजन बराच काळ चांगलाच दिसतो. वर बोट गार असलं किंवा नखांना रंग असला की आकडा बिनभरवशाचा.

घड्याळ पाचव्या आठवड्यात काढून ठेवलं. रात्री नाडी ५० झाली की ते थरथरायचं आणि आत्या दचकून उठायची. ती बीटा ब्लॉकर घेते, त्या औषधाने नाडी मंदच होते. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यांना ठोक्यांच्या अनियमितपणाचा त्रास आहे त्यांना घड्याळाचा उपयोग होत असेल, आत्याला त्याने धास्तीच दिली.

गेल्या महिन्यातल्या इकोत पंपिंग ४२ टक्के आलं. त्याचं श्रेय चार प्रकारच्या गोळ्यांना आहे. त्यांतली एक मुळात मधुमेहासाठी निघालेली, आता हृदयासाठीही देतात. काट्याने पंपिंग वाढवलं असं मी म्हणणार नाही. त्याने एवढं केलं की या सात महिन्यांत आत्याला पुन्हा ॲडमिट करावं लागलं नाही. ती आता न थांबता वीस मिनिटं चालते, चालताना बोलते, आणि एका उशीवर झोपते.

पुढच्या आठवड्यात ती दहा दिवस माझ्या धाकट्या भावाकडे जाणार आहे. त्याच्याकडे वजनकाटा आहे, पण दुसऱ्या काट्यावरचा आकडा या वहीत चालायचा नाही, म्हणून आपला काटा सोबत जाणार. कुठल्या खोलीतली फरशी सपाट आहे ते आत्याने त्याला फोनवरून आधीच बघून ठेवायला सांगितलं आहे. जड खुर्चीचंही विचारलं. बॅग भरायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी वही ठेवली, आणि तिच्यात खडूचा एक तुकडा.