ॲक्शन कॉमिक्सचा हजारावा अंक: गाजावाजा ओसरल्यानंतरचं वाचन

सुपरमॅन ज्या अमेरिकन कॉमिक मासिकात पहिल्यांदा अवतरला, त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’चा हजारावा अंक १८ एप्रिल २०१८ ला आला तेव्हा सुपरमॅनच्या चाहत्यांमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात तीन गोष्टींची चर्चा होती. २०११ मध्ये काढून टाकलेली लाल चड्डी परत आली, मार्व्हलमध्ये नाव कमावलेला ब्रायन मायकल बेंडिस आता सुपरमॅन लिहिणार, आणि एकाच अंकाच्या इतक्या मुखपृष्ठांमधलं कोणतं घ्यायचं. आत अकरा गोष्टी आहेत, त्यांचा नंबर बहुतेकांच्या बोलण्यात नंतर लागला.

मी माझी प्रत बऱ्याच उशिरा, गेल्या मे महिन्यात घेतली. तेव्हापासून ती कपाटात ठेवण्याऐवजी हाताशीच ठेवली आहे, आणि अधूनमधून एखादी गोष्ट काढून वाचतो. इतक्या महिन्यांच्या वाचनानंतर हा अंक कसा वाटतो ते लिहितोय, कारण अशा विशेषांकांचे अभिप्राय बहुतेक पहिल्या दिवसाचेच असतात आणि पहिल्या दिवशी उत्सव वाचला जातो, गोष्टी राहून जातात.

आधी हजार या आकड्याबद्दल, कारण त्यावरूनही पुष्कळ वाद झाला. पहिला अंक १९३८ च्या एप्रिलमध्ये विक्रीला आला. मुखपृष्ठावर जूनचा महिना होता आणि किंमत दहा सेंट. मधल्या काळात, १९८८ मध्ये, हे मासिक काही महिने साप्ताहिक झालं आणि ६०१ पासून ६४२ पर्यंतचे अंक भराभर निघाले. २०११ मध्ये डीसी या प्रकाशन कंपनीने आपल्या सगळ्या मालिका पुन्हा एकपासून सुरू केल्या, तेव्हा जुना क्रम ९०४ वर थांबला. ५२ अंकांनंतर, २०१६ मध्ये, जुना हिशेब परत आणून ९५७ हा आकडा छापला गेला आणि तिथून महिन्याला दोन अंक काढत बरोबर ऐंशी वर्षांच्या मुहूर्तावर हजार गाठले. डीसीचंच बॅटमॅनचं मासिक ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ वयाने वर्षभर मोठं, तरी त्याचा हजारावा अंक मार्च २०१९ मध्ये आला, त्यात त्या साप्ताहिक अंकांचाही वाटा आहे. काही चाहत्यांना ही जुळवाजुळव खटकली. मला ती अजिबात खटकत नाही. ज्या मासिकाने मध्ये कितीही वेळा नंबर बदलले तरी ऐंशी वर्षं एकाच माणसाची गोष्ट सांगितली, त्याने आपला वाढदिवस मोजून साजरा केला तर बिघडलं कुठे?

आता गोष्टी. सगळ्यात जास्त वेळा मी उघडली ती पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लीसन यांची ‘नेव्हर-एंडिंग बॅटल’. व्हँडल सॅव्हेज हा खलनायक सुपरमॅनला काळाच्या सापळ्यात अडकवतो आणि सुपरमॅन लढत लढत घराकडे निघतो, एवढंच कथानक. पण प्रत्येक पान म्हणजे एकच पूर्ण चित्र, आणि प्रत्येक चित्र त्याच्या इतिहासातल्या वेगळ्या काळातलं. तीसच्या दशकातला रांगडा, गाड्या उचलून आपटणारा सुपरमॅन, मग पुढचे एकेक अवतार. पहिल्या वाचनात ‘हे ओळखलं, हे पण ओळखलं’ याचीच मजा येते, आणि त्या आठवड्यातही चाहते याच ओळखपरेडीत रमले होते. चौथ्या-पाचव्या वाचनात दुसरंच काही दिसायला लागलं. ग्लीसन प्रत्येक काळाची नक्कल करत नाही. अंगकाठी, प्रकाश, गर्दीची रचना बदलते, पण सुपरमॅनचा चेहरा सगळीकडे त्याच्याच हातचा राहतो. त्यामुळे इतक्या युगांतून जाणारा हा एकच माणूस आहे आणि त्याला वाढदिवसाला घरी पोचायचं आहे, हे शब्दांशिवाय कळतं. शेवटी घर, बायको लोइस, मुलगा जॉन आणि केक. ही गोष्ट एकपानी चित्रांची असल्यामुळे तिचा आणखी एक फायदा आहे. अंकाला सपाट पाठीची, चिकटवलेली बांधणी आहे, आणि अशा बांधणीत दोन पानांवर पसरलेली चित्रं मधल्या जोडात दबतात. ग्लीसनची एकही रेष तिथे हरवत नाही.

टॉम किंग आणि क्ले मान यांची ‘ऑफ टुमारो’ पाच पानांची आहे. पाच अब्ज वर्षांनंतर सूर्य फुगून पृथ्वी गिळणार आहे आणि सुपरमॅन आईवडिलांच्या थडग्याशी शेवटचं बोलायला आला आहे. अंक आला तेव्हाही हिचं कौतुक झालं, ते अगदी योग्य होतं. जॉर्डी बेलेअरच्या रंगांनी ही पाच पानं उचलून धरली आहेत. आकाश पेटलेलं, जमीन वितळू लागलेली, आणि हा माणूस शांतपणे घरातल्यांची खुशाली सांगतोय. माझ्या वडिलांना मी ही गोष्ट तोंडी सांगितली. त्यांनी आयुष्यात कॉमिक हातात घेतलेलं नाही, पण ते म्हणाले, “म्हणजे आईबापांना निरोप द्यायला आला होता बिचारा.” गोष्ट नेमकी तेवढीच आहे, आणि ती कॉमिक न वाचणाऱ्या माणसापर्यंतही पोचते.

‘द कार’ची तितकी चर्चा झाली नाही. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन जी हिरवी गाडी डोक्यावर उचलून आपटतोय, त्या गाडीच्या मालकाचं पुढे काय झालं? जेफ जॉन्स आणि चित्रपट-दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी हा प्रश्न विचारला आणि ओलिव्हिए क्वापेलने तो चितारला. बुच नावाचा गाडीवाला गुंड गाडीचा सांगाडा घेऊन मेकॅनिककडे येतो, मग सुपरमॅन त्याला गाठतो, आणि मारामारीऐवजी त्याच्याशी बोलतो. १९३८ चा सुपरमॅन बोलत बसणारा नव्हता. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो भिंतीवर फेकायचा. त्या जुन्या रागाला न नाकारता त्याच्या शेजारी दया ठेवणं सोपं काम नाही, आणि इथे ते मोजक्या पानांत जमलं आहे.

ब्रॅड मेल्टझर आणि जॉन कॅसडे यांची गोळीवरची गोष्टही मला फार आवडते. एका बाईच्या डोक्याला बंदूक लावलेली आहे, सुपरमॅन दुरून झेपावतोय आणि हिशेबाने तो पोचू शकत नाही. ती बाई स्वतः प्रतिकार करते, त्याने क्षणाचा काही अंश वाढतो आणि तेवढ्यावर तो पोचतो. धाडस तिचं, हे तो स्वतः मान्य करतो. सुपरमॅनच्या दोन निर्मात्यांपैकी एक, जेरी सीगल, यांचं क्लीव्हलंडमधलं घर मोडकळीला आलं होतं, तेव्हा २००८ मध्ये ते दुरुस्त करण्यासाठी याच मेल्टझरने पुढाकार घेऊन लिलावातून पैसे उभे केले होते. सुपरमॅन ज्या घरात सुचला ते वाचवणाऱ्या माणसाला या अंकात जागा मिळाली, याचं मला मनापासून बरं वाटतं.

हा विषय निघालाच आहे तर ‘द गेम’बद्दल. पॉल लेव्हिट्झ यांची कथा, नील ॲडम्स यांची चित्रं, सुपरमॅनचा जुना शत्रू लेक्स लूथर आणि सुपरमॅन बुद्धिबळ खेळतात. गोष्ट म्हणून ती साधारण आहे, आणि ॲडम्स यांची उतारवयातली रेषा अनेकांना रुचली नाही. पण त्यांचं नाव इथे असणं फार मोलाचं आहे. सीगल आणि त्यांचे जोडीदार चित्रकार जो शस्टर यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरना विकले होते. सत्तरच्या दशकात दोघे हलाखीत होते, तेव्हा ॲडम्स आणि व्यंगचित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी त्यांच्यासाठी जाहीर भांडण मांडलं. १९७५ च्या डिसेंबरात कंपनीने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर आणि निर्माते म्हणून नाव देण्याचं कबूल केलं. या अंकातही त्या दोघांची नावं छापलेली आहेत, आणि ती तिथे असण्यामागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांच्यापैकी एकाची चित्रं त्याच अंकात आहेत. पहिल्या आठवड्यात यावर कुणी फारसं बोलल्याचं मला आढळलं नाही. ॲडम्स २०२२ मध्ये गेले. त्यानंतर ही पानं वाचताना रेषेच्या तक्रारीपेक्षा हेच मनात येतं.

बाकीच्यांवर भराभर. डॅन जर्गेन्सची पहिली गोष्ट, मेट्रोपोलिस शहर सुपरमॅनचा सत्कार करतं आणि त्याला मात्र तिथून निघायची घाई असते, प्रेमळ आहे, थोडी लांबलेली आहे. लुईज सायमनसन आणि जेरी ऑर्डवे या जुन्या जोडीने बातमी द्यायला पाच मिनिटं उरलेल्या क्लार्कची, म्हणजे पत्रकाराच्या वेषातल्या सुपरमॅनची, छोटी, झकास गोष्ट दिली आहे. नव्वदच्या दशकातली कॉमिक वाचलेल्यांना तर ती घरची वाटेल. स्कॉट स्नायडर आणि राफाएल अल्बुकर्क यांची लेक्सवरची गोष्ट दुसऱ्यांदा वाचायला बरी. पॉल डिनीची मिक्सिझपिटलिक या खोडकर खलनायकाची जत्रा मी एकदाच वाचली, पण होसे लुइस गार्सिया-लोपेझ यांचं रेखाटन पाहायला कधीही उघडतो. सुपरमॅनचे जुने चित्रकार कर्ट स्वान १९९६ मध्ये गेले. त्यांची न छापलेली जुनी पानं शोधून मार्व वुल्फमनने त्यांवर नवे शब्द बसवले. ते कथानक ओढूनताणून आणलेलं आहे, पण स्वानचा सुपरमॅन पुन्हा पाहायला मिळतो, तेवढ्यासाठी मी ते सहन करतो.

राहिली शेवटची गोष्ट, बेंडिस आणि जिम ली यांची ‘द ट्रुथ’. सुपरमॅनचा जन्मग्रह क्रिप्टन आपणच संपवलं असं सांगणारा रोगोल झार नावाचा नवा खलनायक येतो, सुपरमॅनला बेदम मारतो आणि गोष्ट तुटते. पुढचा भाग वाचायचा तर ३० मेपासून सुरू झालेली ‘द मॅन ऑफ स्टील’ ही सहा अंकांची मालिका घ्यायची. चाहते यावर चिडले होते आणि इतक्या महिन्यांच्या वाचनानंतर मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. ७.९९ डॉलर देऊन ऐंशी वर्षांचा उत्सव घेतलेल्या वाचकाला शेवटी पुढच्या मालिकेची जाहिरात देणं हा त्याचा अपमान आहे. जिम ली यांची चित्रं दमदार आहेत, चड्डीवरून वाद घालणाऱ्या दोन बायकांचा प्रसंग गमतीचा आहे, पण बाकी दहा गोष्टी आपापल्या पायावर उभ्या असताना ही एकटी अपुरी राहते. वर्षभराने ‘डिटेक्टिव्ह’च्या हजाराव्या अंकातही शेवटच्या गोष्टीत अर्खम नाइट या खलनायकाला असंच आणून सोडलं. मी हल्ली मेल्टझरच्या गोष्टीवर अंक मिटतो.

वस्तू म्हणून अंक कसा टिकला? कागद गुळगुळीत आणि चांगल्या वजनाचा आहे, रंग जसेच्या तसे आहेत. आमच्याकडे ठाण्यात पावसाळ्यात दमटपणाने कव्हर बाहेरच्या बाजूला वळायला लागलं होतं. पॉलिबॅग, मागे बॅकिंग बोर्ड आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यावर ते थांबलं. वारंवार उघडल्याने पाठीवर बारीक पांढऱ्या रेषा आल्या आहेत, पान मात्र एकही सुटलेलं नाही. जपून ठेवायला आणि वाचायला एकच प्रत वापरू नका, हा माझा आग्रह आहे.

मुखपृष्ठांचं म्हणाल तर नेहमीचं जिम ली यांचं आहेच, शिवाय प्रत्येक दशकाचं एक: तीसचं स्टीव्ह रूड, चाळीसचं मायकल चो, पन्नासचं डेव्ह गिबन्स, साठचं माइक ऑलरेड, सत्तरचं जिम स्टेरांको, ऐंशीचं जोशुआ मिडलटन, नव्वदचं जर्गेन्स आणि दोनहजारचं ली बर्मेहो. आतला मजकूर सगळ्यांत सारखाच. चोचं मुखपृष्ठ मला सर्वांत देखणं वाटतं. पण जुन्या प्रतींचे विक्रेते व्हेरिएंट, म्हणजे वेगळं मुखपृष्ठ, म्हणून जादा पैसे मागतात, ते वाचकाने देण्याचं काही कारण नाही. या अंकाच्या सुमारे पाच लाख प्रती दुकानांनी उचलल्याचा अंदाज तेव्हा दिला गेला होता, त्यामुळे साधी प्रत आजही शोधली तर मिळते.

आणि पैसे थोडे जास्त असतील तर त्याच सुमारास निघालेलं, लेव्हिट्झ यांनी संपादित केलेलं ‘ॲक्शन कॉमिक्स: ८० इयर्स ऑफ सुपरमॅन’ हे पक्क्या बांधणीचं पुस्तकही घ्या. त्यात १९३८ ची मूळ गोष्ट आहे आणि सीगल-शस्टर यांच्या काळातली, तोवर कधीच न छापलेली ‘टू मेनी हीरोज’ही आहे. तिची मूळ पानं मार्व वुल्फमनला शाळकरी वयात डीसीचं कार्यालय पाहायला गेला असताना मिळाली होती, आणि त्याने ती इतकी वर्षं सांभाळून ठेवली म्हणून ती आज आपल्याला वाचता येते.