नव्या रंगाखाली कुजलेली होडी: मे महिन्यातल्या व्यवहारात आमची फसवणूक कशी झाली

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की मालवण-देवगडच्या खाड्यांवर जुन्या फायबर होड्यांचे व्यवहार सुरू होतात. सुट्टीभर शीड लावून फिरायचं, पहाटे गरवायला (गळाने मासे पकडायला) जायचं, गणपतीला आलो की होडी पुन्हा पाण्यात, असा घेणाऱ्याचा बेत असतो. विकणाऱ्याला तो पक्का ठाऊक असतो. पाऊस तोंडावर आलेला, होडी लवकरच काठावर ओढून शाकारली (झाकली) जाणार, घेणारा मुंबईला परतणार. मधल्या दोन महिन्यांत होडी पाण्यात उतरणारच नाही. खोट दिसेल ती नारळी पौर्णिमेनंतर, आणि तोवर पैसे पोचते झालेले असतात.

आम्हाला विकलेली होडी १८ फुटी होती. १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ताजा निळा-पांढरा रंग, आणि "मागची फळी नवीन टाकलीय" अशी खात्री. ऑगस्टमध्ये इंजिन काढून आतला थर कापला तेव्हा फळीचं प्लायवूड ओल्या भुशासारखं हाताने निघालं. बाहेरून पुट्टी, त्यावर मॅटचा (काचतंतूंच्या चादरीचा) एकच थर आणि रंग, एवढीच ती 'नवीन फळी'. दुरुस्तीचं बिल मात्र पूर्ण फळी बदलल्याचं होतं.

फायबर होडीत सगळ्यात आधी जाते ती हीच फळी. इंजिनाचे क्लॅम्प आणि बोल्ट तिथेच असतात. भोकांत सीलंट नीट भरलं नाही की खारं पाणी आत झिरपतं आणि दोन्ही बाजूंच्या फायबरमध्ये कोंडलेलं लाकूड कुजत जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. तपासायचं असं: इंजिन लावलेलं असताना त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्यायचा. फळी वाकताना दिसली किंवा कडेला केसासारखी चीर उघडली, तर आत कूज आहे असं धरून चाला. मग प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा नाण्याने सगळीकडे ठोकत जायचं. टणक, स्वच्छ आवाज चांगला. आवाज बसका आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. तरीही शंका राहिली तर आतल्या बाजूने, अगदी तळाशी, ५ मिमीचं भोक पाडू द्या म्हणावं. चांगल्या लाकडाचा भुसा कोरडा आणि फिकट निघतो, कुजलेल्याचा काळपट आणि ओला. ते भोक इपॉक्सीने बुजवायला दहा मिनिटं लागतात. एवढंही करू न देणाऱ्या माणसाशी व्यवहार तिथेच थांबवा.

दुरुस्ती खरी झाली असेल तर तिचा पुरावा असतो. आतला थर कापावा लागतो, कुजकं लाकूड पूर्ण काढून पोकळी वाळवावी लागते, मग १८ मिमीच्या दोन मरीन प्लाय एकमेकींना चिकटवून बसवाव्या लागतात. मरीन प्लायवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का हवा. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (साध्या वापराचा) प्लाय स्वस्त असतो आणि रंगाखाली ओळखू येत नाही. म्हणून प्लाय बसवण्याआधी शिक्क्याचा फोटो मागायचा. कापलेल्या कडा तासून उतरत्या कराव्या लागतात: ४ मिमी जाडीला साधारण ५ सेंटिमीटर उतार. सरळ कडेवर मॅट चिकटवली तर जोड तिथेच सुटतो. आमच्या होडीत उतार नव्हताच.

मालाचा हिशेब आपणच करावा, कारण खरी चोरी तिथे होते. ४५० ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे सुमारे एक किलो रेझिन (मॅटमध्ये भिनून कडक होणारं रसायन) लागतं आणि त्यातून जेमतेम १ मिमी जाडी मिळते. चार थरांचे पैसे लावले असतील तर जाडी ४ मिमीच्या आसपास भरायला हवी. बोल्टच्या भोकात कॅलिपर घालून ती मोजता येते. हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) रेझिनच्या किलोला १० ते २० मिली. घाईत जास्त ओतला तर रेझिन तापून तडकतं, कमी पडला तर महिनाभर चिकट राहतं. स्वतः काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जिवापाड जपावी: कोबाल्ट (रेझिन कडक होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर थेट एकत्र करू नयेत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर.

"पावसात निवांत करून ठेवतो" हे आश्वासन तर मुळीच स्वीकारू नका. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत मॅट ओल धरते, थर पांढुरके पडतात आणि एकमेकांना नीट धरत नाहीत. हे काम एप्रिल-मे महिन्यांतच व्हायला हवं.

इंजिनातली लबाडी वेगळी. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायच्या आधी सिलिंडरमध्ये थोडं जाड ऑइल सोडलं की झिजलेल्या रिंगाही चांगला आकडा दाखवतात. प्लग काढल्यावर तो ऑइलने निथळत असेल आणि सुरू होताना निळ्या धुराचा लोट आला, तर पंधरा मिनिटं चालवून पुन्हा मोजा. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी ओढायची. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. इंजिन आपण पोचण्याआधी गरम केलेलं नसावं. झाकणावर हात ठेवला की कळतं. गिअर ऑइल पाहायचं तर इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू सैल करा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलं आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी जोरात येते का, तेही पाहा. मेकॅनिकने इंपेलर (हे पाणी खेचणारं रबरी चक्र) बदलला असं सांगितलं तर जुना हातात मागा. मिळाला नाही तर बदललेला नाही असं समजा.

बोल्टबद्दल एक गैरसमज आहे. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारं ३१६ ग्रेडचं स्टील, असं दुकानात सांगतात. २०२ आणि ३०४ या हलक्या ग्रेडनाही चुंबक सहसा चिकटत नाही. डोक्यावर ए४ किंवा ३१६ कोरलेले बोल्टच घ्या.

शिडाची परीक्षा सोपी आहे. शिवणीचा दोरा नखाने ओढा, उन्हाने जळलेला असेल तर तुटतो.

कागदांत आम्हाला दिलं गेलं ते फक्त स्टॅम्प पेपरवरचं लिखाण. त्याने होडी नावावर होत नाही. मासेमारीच्या होडीची नोंद आणि परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे असतो. प्रवासी आणि हौशी होड्यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जावं लागतं. होडीवर मच्छीमार सोसायटीचं कर्ज असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र आधी. इंजिनाचा नंबर ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. तो घासलेला असेल तर हात लावू नका, चोरीचा माल असू शकतो.

पैसे तीन भागांत द्यावेत: ठरताना थोडे, फळी उघडी करून नवा प्लाय दाखवल्यावर थोडे, आणि मोठा हिस्सा होडी पाण्यात तासभर चालल्यावर. शाकारलेल्या होडीचे पूर्ण पैसे देऊ नका, किंमत कितीही उतरवली तरी. बिलावर प्लायचा ग्रेड, मॅटचे थर आणि रेझिनचं नाव लिहून घ्या. दुरुस्तीत फसवलं गेलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि तिथे हेच बिल कामी येतं. ठरवून खोटं सांगून विकलं असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू शकतं. कापलेल्या फळीचे तुकडे फेकू नका, तारखेसह फोटो काढून पिशवीत ठेवा.