डिटर्जंट, नॅनोडिस्क की एसएमए? पटलातलं प्रथिन बाहेर काढण्याआधी

पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनाचं बरं असतं. पेशी फोडा, गाळ खाली बसवा, वरचं पाणी कॉलमवर सोडा. पटलातलं प्रथिन मात्र त्या गाळातच राहतं. पेशीपटल म्हणजे लिपिडांचे दोन थर, मिळून जाडी 4 ते 5 नॅनोमीटर. त्यातला मधला सुमारे 3 नॅनोमीटरचा पट्टा पाण्याला जवळ करत नाही. तो ओलांडायला जवळपास 20 अमिनो आम्लांची अल्फा हेलिक्स लागते आणि तिची लिपिडाकडची बाजू तेलकट असते. भोवतालचं लिपिड गेलं की या तेलकट बाजू एकमेकींना चिकटतात आणि प्रथिनाचा गोळा होतो. म्हणून लिपिडाच्या जागी दुसरं पांघरूण द्यावं लागतं. कोणतं द्यायचं हे बहुतेक जण पहिल्या आठवड्यात, शेजारच्या टेबलावर जी बाटली असेल ती पाहून ठरवतात. ते शेवटच्या प्रयोगाकडे बघून ठरवायला हवं.

डिटर्जंट

सगळ्यात जुना आणि अजूनही पहिला मार्ग. डिटर्जंटचे रेणू एका ठरावीक संहतीच्या वर गेले की एकत्र येऊन गोळ्या करतात, त्यांना मायसेल म्हणतात. त्या संहतीला सीएमसी म्हणायची पद्धत आहे आणि निवड करताना हा आकडा आधी बघायचा. डीडीएम या डिटर्जंटचा सीएमसी सुमारे 0.17 मिलिमोलर, ऑक्टिल ग्लुकोसाइड या दुसऱ्याचा 20 मिलिमोलरच्या आसपास. फरक शंभरपटीहून जास्त आहे. डीडीएम थोडंसं पुरतं आणि प्रथिनाला सहसा जपतं, पण डायलिसिसने ते लवकर निघत नाही, कारण पिशवीतून सुटे रेणू बाहेर जातात आणि डीडीएमचे सुटे रेणू असतातच किती! ऑक्टिल ग्लुकोसाइड सहज निघून जातं, पण त्याची शेपटी आखूड, त्यामुळे नाजूक प्रथिनं त्यात टिकत नाहीत.

एलएमएनजी हे डिटर्जंट 2010 मध्ये आलं. दोन डोकी, दोन शेपट्या, आणि सीएमसी डीडीएमच्याही बराच खाली. एकदा चिकटलं की सुटत नाही. क्रायो-ईएमसाठी, म्हणजे गोठवलेल्या प्रथिनाची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढण्यासाठी, हा गुणच आहे, कारण बफरमध्ये मोकळं डिटर्जंट नगण्य ठेवता येतं. पुढे प्रथिन लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडांच्या बंद पुटिकेत, घालायचं असेल तर मात्र हाच गुण गळ्यात अडकतो.

स्फटिक करायचे असतील तर हिशोब उलटा होतो. तिथे मायसेल लहान हवं, म्हणजे प्रथिनाचा जास्त भाग उघडा राहतो आणि शेजारच्या रेणूला टेकायला जागा मिळते. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेली जांभळ्या जीवाणूतल्या प्रकाशसंश्लेषण केंद्राची रचना एलडीएओ या लहान मायसेलच्या डिटर्जंटमध्ये मिळाली आणि त्या कामाला 1988 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ते केंद्र मुळात दणकट. तुमचं प्रथिन तितकं सोशिक असेल असं धरून चालू नका.

एक फसगत फार जणांची होते. सॅम्पल दाट करायला 50 किलोडाल्टनहून मोठे रेणू अडवणारी जाळी वापरली की डीडीएमची रिकामी मायसेल्सही वरच अडकतात. प्रथिनाबरोबर डिटर्जंटही दाट होतं आणि कालपर्यंत धड चालणारं प्रथिन आज मरतं. प्रथिनाचा आकार परवानगी देत असेल तर 100 ची जाळी घ्या.

नॅनोडिस्क

इलिनॉय विद्यापीठातल्या स्टीफन स्लिगर यांच्या गटाने 2002 मध्ये ही पद्धत पुढे आणली. रक्तातल्या एपोलिपोप्रोटीन ए-वन या प्रथिनावरून बेतलेले दोन पट्टे, त्यांनी कडेने बांधलेली लिपिडांची चकती आणि चकतीत बसलेलं आपलं प्रथिन. एमएसपी1डी1 नावाच्या पट्ट्याने साधारण 10 नॅनोमीटर व्यासाची चकती होते. एमएसपी1ई3डी1 ने 12-13 नॅनोमीटरची.

लिपिड तुम्ही निवडता, ही खरी ताकद. एखादं लिपिड असताना आणि नसताना प्रथिन कसं वागतं हे बघायचं असेल तर इतका स्वच्छ मार्ग दुसरा नाही. शिवाय दोन्ही बाजू मोकळ्या असल्याने औषध किंवा प्रतिपिंड कुठूनही चिकटवता येतं.

पण नॅनोडिस्क डिटर्जंटपासून सुटका करत नाही. प्रथिन आधी डिटर्जंटमध्येच काढावं लागतं, मग लिपिड आणि पट्टे मिसळून डिटर्जंट मण्यांनी शोषून घ्यायचं. जे प्रथिन पहिल्या तासातच डिटर्जंटने मोडतं, त्याला चकतीत बसवून काय उपयोग? प्रमाण जुळवायलाही आठवडे जातात. आणि पट्टा स्वतः प्रथिन असल्याने प्रथिनाची संहती ज्यावरून मोजतात त्या 280 नॅनोमीटरला तोही प्रकाश शोषतो, तेव्हा तो वजा केल्याशिवाय तुमची संहती खरी नाही. पट्ट्यावरचा हिस्टिडिन टॅग (निकेलच्या कॉलमला चिकटणारी शेपटी) आधी कापून टाका, नाहीतर रिकाम्या चकत्याही निकेलला चिकटून बसतील.

एसएमए

स्टायरीन आणि मॅलेइक आम्लाचा हा बहुलक 2009 पासून या कामात आहे. तो डिटर्जंटशिवाय, थेट पटलातून प्रथिनासकट 10 नॅनोमीटरची चकती कापून काढतो. प्रथिनाभोवती जी लिपिडं पेशीत होती त्यातलीच सोबत येतात. कल्पना म्हणून मला हीच सगळ्यांत देखणी वाटते. ई. कोलायमधल्या एसीआरबी या पंपाची 3.2 अँगस्ट्रॉम तपशिलाची रचना 2018 मध्ये अशाच चकतीतून मिळाली, आणि पंपाच्या मधल्या पोकळीत लिपिडांचा दुपदरी तुकडा जागच्या जागी दिसला.

प्रत्यक्ष बाकावर मात्र एसएमए हट्टी आहे. काही मिलिमोलर मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम आलं की साका बसतो. एटीपीवर चालणाऱ्या प्रथिनाला मॅग्नेशियम लागतंच, म्हणजे त्याची क्रिया मोजायची सोय गेली. पीएच 6.5 च्या खाली नेला तरी तेच. स्टायरीन अतिनील प्रकाश शोषतं, त्यामुळे 280 चा आकडा गढूळ होतो. बहुलकावरचे आम्लगट निकेलच्या कॉलमशी भांडतात आणि उत्पादन पडतं. डायबीएमए हा नंतरचा भाऊ अतिनीलमध्ये शांत आणि मॅग्नेशियमला बराच सोशिक.

लायपोसोम

प्रश्न वाहतुकीचा असेल, म्हणजे आयन किती वेगाने आत गेले, साखर बाहेर आली का, तर वरचे तिन्ही बाद. आत आणि बाहेर असे दोन कप्पे फक्त बंद पुटिकेतच मिळतात. काही प्रथिनं उलटी बसतात, तेवढं हिशोबात धरा.

मग काय घ्यावं?

फक्त रचना हवी असेल तर डीडीएमने काढा, एलएमएनजीत न्या आणि क्रायो-ईएमला बसा. प्रथिनाचं काम लिपिडावर अवलंबून असल्याचा संशय असेल तर नॅनोडिस्कचा खर्च आणि वेळ वसूल होतो. टीआरपीव्ही1 घ्या, मिरचीतल्या कॅप्सेसिनला जागणारी वाहिनी. 2013 मध्ये तिची 3.4 अँगस्ट्रॉमची रचना अँफिपोल या वेगळ्या बहुलकात मिळाली. 2016 मध्ये त्याच प्रयोगशाळांनी ती नॅनोडिस्कमध्ये बसवली, तेव्हा कॅप्सेसिनच्या खिशात फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल हे लिपिड बसलेलं ओळखता आलं. कोणतं लिपिड महत्त्वाचं हेच ठाऊक नसेल, किंवा डिटर्जंटमध्ये प्रथिन टिकतच नसेल, तर एसएमए; अर्थात प्रथिन आटोपशीर आकाराचं असेल तरच.

ठरत नसेल तर एकाच पटलाच्या चार नळ्या करा: डीडीएम 1 टक्का, एलएमएनजी 1 टक्का, एलडीएओ 1 टक्का आणि एसएमए 2.5 टक्के. दोन तासांनी 1,00,000 जी वर तासभर फिरवा आणि वरचं पाणी जेलवर चढवा. जाड बँड बघून हुरळू नका, एसडीएस हे कडक डिटर्जंटसुद्धा सगळं काढतं आणि सगळं मोडतं. क्रिया मोजा, नाहीतर निदान जेल फिल्ट्रेशनमध्ये (आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममध्ये) एकच सडसडीत शिखर येतं का ते पाहा. आणि डिटर्जंटच्या तीन नळ्या थंडीत फिरत असतील तेव्हा एसएमएची नळी खोलीच्या तापमानालाच राहू द्या, थंडीत ते फार संथ कापतं.